पश्चिमेच्या तटावरचे मासे

४ मार्च, सोमवार

कार्यालयाचे पत्र आले. किनाऱ्यावरच्या पडक्या किल्ल्यांची यादी आता छोटी करायची आहे. ज्या किल्ल्याला ‘सिद्ध झालेला इतिहास’ नाही तो तीस एप्रिलला कायमचा बंद होणार आणि तिथल्या पहारेकऱ्याची बदली गोदामावर होणार. तोपर्यंत प्रत्येक पहारेकऱ्याने कामाची दैनंदिनी ठेवायची आहे.

मी लगेच सुरुवात केली. ‘सकाळी दरवाजा उघडला. संध्याकाळी दरवाजा लावला.’ तेवढ्यात दैनंदिनी संपली. मनात मात्र बरेच उरले होते, म्हणून ही दुसरी वही काढली. ही कार्यालयाला दाखवायची नाही.

दरवाज्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही चोवीस वर्षे राहतो आहोत. मी, बायको आणि सासूबाई. पत्र वाचून दाखवले तेव्हा बायकोने एवढेच विचारले, “गोदामाला खिडक्या असतात का हो?”

सासूबाई म्हणाल्या, “जावईबापूंना खिडकी कशाला? उघडायला-लावायला एक दार मिळालं की झालं.”

५ मार्च, मंगळवार

आमच्या किल्ल्याला इतिहास नाही. म्हणजे असेल, पण कोणी लिहून ठेवलेला नाही. पाहुण्यांना मी खरे तेच सांगतो. कोणी बांधला ते ठाऊक नाही, का बांधला ते समोर दिसतेच आहे. असे म्हणून समुद्राकडे हात करतो. माणसे हिरमुसतात. राणीने उडी कुठून मारली, असे विचारतात. राणी होती की नव्हती तेच माहीत नाही, तर तिला ढकलू कशी? दक्षिणेच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याने आतापर्यंत तीन राण्यांना समुद्रात उड्या मारायला लावल्या आहेत. तिथे रांग असते.

बायकोचा भाऊ खाली वस्तीत राहतो. तो म्हणाला, “दाजी, तुम्हीपण एक टाका की. एका राणीनं काय बिघडतंय?”

मी सातवीपर्यंत शिकलो, पण गावच्या गुरुजींनी एक गोष्ट पक्की बसवली होती. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणायचे. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तेव्हा देवालाही तेच म्हटले. पुढे काय होणार ते मला ठाऊक नाही. तुला असेल.

९ मार्च, शनिवार

कार्यालयाने एक संशोधक पाठवले आहेत. उंच, थोडे वाकलेले, शर्टाचे एक बटण तुटलेले. तीन एप्रिलला समिती येणार आहे. त्याआधी किल्ल्याचे काही जुनेपण सिद्ध झाले तर किल्ला वाचेल, असे म्हणाले. किनाऱ्यावरच्या किल्ल्यांवर ते एकोणीस वर्षे एक ग्रंथ लिहीत आहेत. पहिले प्रकरण होत आले आहे.

सासूबाई म्हणाल्या, “एकोणीस वर्षं? तेवढ्यात किल्ला बांधून झाला असता.”

बायकोने बटण लावून दिले. ते म्हणाले, “मलाही ही शेवटचीच संधी आहे,” आणि चहा संपवायला विसरले. मला माणूस आवडला.

११ मार्च, सोमवार

दुपारी पश्चिमेच्या तटाकडून संशोधकांची आरोळी आली. मला वाटले साप निघाला. काठी घेऊन धावलो. ते गुडघ्यांवर बसले होते, नाक दगडाला टेकलेले.

“मासा!” म्हणाले.

दगडावर मासा होता आणि त्याच्या शेजारी सात रेघा. त्यावरच्या थरात फणी आणि पाच रेघा. त्यावर विळा. त्यावर कोंबडी.

“पाथरवटांच्या कुळांच्या खुणा आहेत ह्या. सातशे वर्षांपूर्वीच्या! एकोणीस वर्षं मी ह्याच शोधत होतो हो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. माझ्या एका हातात काठी होती, तीही धरली.

मी काठी सोडवून घेतली. ते मासे मी कोरलेले आहेत.

कुठेतरी लिहायला हवे, म्हणून इथे लिहितो. बावीस वर्षांपूर्वीच्या वादळात पश्चिमेचा तट ढासळला. कार्यालयाला कळवले. ‘पाहणी होईपर्यंत हात लावू नये’ असे उत्तर आले. अकरा महिने हात लावला नाही. भरती रोज एखादा दगड ओढून नेऊ लागली, तेव्हा मला राहवेना. मी आणि मेहुणा, दोघांनी सगळे दगड वाळूत थराथराने मांडले, जुळवून पाहिले आणि तट पुन्हा उभा केला. कुठला दगड कुठे जायचा ते कळायला खूण हवी होती. रंग खाऱ्या हवेत टिकेना, म्हणून छिन्नी घेतली. आकडे टाकावेत तर मेहुणा शाळेच्या वाटेलाही गेलेला नाही. मग थराला चित्र आणि जागेला रेघा असे ठरले. मासा आणि सात रेघा म्हणजे सगळ्यात खालचा थर, डावीकडून सातवा दगड. पुढे पाहणी झाली. ‘तट सुस्थितीत आढळला, तक्रार निराधार’ असा शेरा मारून फाईल बंद झाली. त्यामुळे कागदावर तो तट कधी पडलेलाच नाही.

उद्या सकाळी संशोधकांना सांगतो.

१२ मार्च, मंगळवार

सांगायला गेलो तोवर ते शिडी लावून सगळ्यात वरच्या थरापर्यंत पोचले होते. मला हीच भीती होती.

वरच्या थराचे चित्र मेहुण्याने कोरले आहे. गोल चेहरा, भले मोठे उघडे तोंड, चेहऱ्याभोवती चारी बाजूंना रेघा आणि हनुवटीवर एक ठिपका. त्या दिवसांत सासूबाई आमचा डबा घेऊन यायच्या आणि आल्यापासून जाईपर्यंत तटाखाली उभ्या राहून आम्हाला बोलायच्या. ते चित्र सासूबाईंचे आहे. मेहुण्याने स्वतःच्या आईचे काढले. माझा त्यात काही हात नाही. ‘ठिपका राहिला,’ एवढेच मी म्हणालो होतो.

संशोधकांनी तिला ‘मुखदेवता’ असे नाव दिले. ती वादळ गिळते. ठिपका म्हणजे ध्रुवतारा. कोंबडीचा एक दगड उलटा बसला आहे, तो म्हणजे बळी. तो उलटा का बसला ते मला चांगले आठवते. त्या दिवशी डबा उशिरा आला होता.

जेवताना ते म्हणाले, “तिचं तोंड कुठेच मिटलेलं नाही. म्हणजे ती अखंड बोलते. त्या काळच्या माणसांना तिचा फार धाक असणार.”

मेहुण्याला ठसका लागला.

“हळू गीळ,” सासूबाई म्हणाल्या. “तोंड आहे का बोगदा?”

१५ मार्च, शुक्रवार

मेहुण्याला बाजूला घेऊन म्हटले, हे बरे नाही, सांगून टाकू.

“दाजी, तुम्ही खोटं बोललात का?”

“नाही.”

“मी बोललो का?”

“नाही.”

“मग? आपण चित्रं काढली, त्यांनी अर्थ काढला. ज्याचं काम त्यानं केलं.” मग म्हणाला, “आणि वरच्या थराचं आईला कळलं, तर गोदामावर मलापण घेऊन चला.”

त्याचे म्हणणे दिवसभर मनात उलटसुलट करून पाहिले. कुठे चूक आहे ते सापडत नाही, पण चूक आहे. प्रार्थनेला बसलो तर डोळे मिटल्यावर मासेच दिसतात. सात रेघांसकट.

१८ मार्च, सोमवार

आज हिय्या केला. संशोधकांना तटावर बसवले आणि वादळापासून फाईल बंद होईपर्यंत सगळे सांगितले. फक्त वरचा थर कोणाचा ते सांगितले नाही. ते कान देऊन ऐकत होते. माझे सांगून झाल्यावर त्यांनी घाईघाईने वही काढली.

“ही तर मौखिक परंपरा! तुमच्या घराण्यात ही कथा किती पिढ्यांपासून आहे?”

“पिढ्या नाहीत साहेब. मी आणि मेहुणा.”

“म्हणजे कथेत दोन बंधू आहेत तर.”

“बंधू नव्हे, मेहुणे. आणि कथेत नव्हे, तिकडे राहतो तो, मघाशी जाळं घेऊन गेला तो.”

ते लिहीत होते. मी वाकून पाहिले. ‘कथा सांगणारा बांधणाऱ्याला “मी” म्हणतो. अत्यंत प्राचीन लक्षण.’

“साहेब, मी खरंच बांधलाय.”

“अगदी बरोबर,” असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्यासाठी ते खरंच आहे.”

खरे बोलायला धैर्य लागते हे लहानपणी शिकलो होतो. समोरच्यालाही ते ऐकून घ्यावे लागते, हे कोणी शिकवले नव्हते.

२१ मार्च, गुरुवार

दोन दिवस जेवण जात नाही. बायको मला गुंतवून ठेवायला काहीबाही विचारत असते. तट बांधायला दिवस किती लागले? चुना किती दिवस मुरवला होता? पाया किती खोल होता? तिला ह्या गोष्टींत कधी रस नव्हता. माझे मन रमावे म्हणून बिचारी कपडे मापायची टेप घेऊन तटाची रुंदीसुद्धा मोजून आली. मी चुन्याबद्दल तासभर बोललो. बरे वाटले.

दुपारी ती टपाल कचेरीत गेली. बहिणीला पत्र टाकायचे आहे म्हणाली. बहीण खाली वस्तीतच राहते. पण बहिणी-बहिणींचे काय असते त्यात आपण पडू नये.

२८ मार्च, गुरुवार

वर्तमानपत्रात फोटो आला. ‘वादळ गिळणारी देवता सापडली.’ एका दिवसात चाळीस माणसे आली. एरवी महिन्यात तेवढी येत नाहीत. एक जोडपे वरच्या थराखाली उभे राहून फोटो काढत होते. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, “तटाला रेलू नका! कळत नाही का?”

नवरा बायकोला म्हणाला, “बघ, आवाजाचीपण सोय केली आहे.”

संशोधकांना एका मोठ्या शहरातून भाषणाचे बोलावणे आले आहे. त्यांनी नवा शर्ट घेतला. आता ताठ चालतात. माझा किल्ला वाचतो आहे, त्यांचा ग्रंथ पुढे सरकतो आहे, मेहुणा आईपासून वाचला आहे. सगळ्यांचे भले होते आहे, आणि ते सगळे एका उलट्या कोंबडीवर उभे आहे.

२ एप्रिल, मंगळवार

उद्या समिती. बायकोला म्हटले, “मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे.”

“सांगा.”

“ह्या खोल्या जातील.”

“जाऊ देत. दोन आठवडे तुम्ही धड जेवला नाहीत. समोर समुद्र असला तरी काय, तुम्ही ताटाकडेच बघत बसता.” मग म्हणाली, “नीट सांगा मात्र. चुन्याचंही सांगा.”

तिला चुन्याचे काय पडले आहे, कळत नाही. प्रार्थना आज बऱ्याच दिवसांनी जमली.

३ एप्रिल, बुधवार

सकाळी समिती आली. छत्री घेतलेले अध्यक्ष, टिपणे घेणारा लिपिक आणि एक इंजिनिअरबाई. संशोधकांनी खालपासून वरपर्यंत कुळे सांगितली. अध्यक्ष मान हलवत होते. इंजिनिअरबाई तिकडे पाहतच नव्हत्या. त्यांनी तटावरून ओळंबा सोडला होता आणि दोरी व दगड यांच्यामध्ये बोट घालून पाहत होत्या.

मुखदेवतेपर्यंत आले तेव्हा मी पुढे झालो.

“साहेब, हे मासे माझे आहेत.”

अध्यक्ष म्हणाले, “विकता का?”

“नाही. कोरलेत. मी. बावीस वर्षांपूर्वी.”

संशोधक हसून म्हणाले, “सांगितलं होतं ना मी? हीच ती मौखिक परंपरा.” अध्यक्षांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले. लिपिकाने लिहून घेतले. मी मेहुण्याकडे वळलो, तर तो ढगांकडे बघत होता.

तेवढ्यात सासूबाई चहाची किटली घेऊन आल्या. “काय रे,” मेहुण्याला म्हणाल्या, “तोंड का लपवतोस? काय केलंयस?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे नक्की काहीतरी. बोल.”

मेहुणा पंचेचाळीस वर्षांचा आहे. पण ‘बोल’ म्हटल्यावर तो आजही पाचच वर्षांचा होतो. वरच्या थराकडे बोट करून म्हणाला, “आई, ती तू आहेस.”

सासूबाईंनी वर पाहिले. बराच वेळ पाहिले. किटली खाली ठेवली. मग तोंड उघडले.

पुढची दहा मिनिटे त्यांनी आम्हा दोघांची जी पूजा बांधली ती मी ह्या वहीतही लिहीत नाही. अध्यक्ष एकदा दगडाकडे पाहत होते, एकदा सासूबाईंकडे. गोल चेहरा. तोंड. चारी बाजूंना सुटलेले केस. मग त्यांची नजर हनुवटीवरच्या तिळावर येऊन थांबली.

“ध्रुवतारा,” ते हळूच म्हणाले.

लिपिकाने पानावर एक आडवी रेघ मारली. संशोधक पायरीवर बसले. त्यांच्याकडे पाहवेना.

सासूबाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा इंजिनिअरबाईंनी विचारले, “बावीस वर्षांत दगडांमधली एखादी दरज उघडली?”

“नाही.”

“चुना किती दिवस मुरवलात?”

“चार महिने. पाहणी होईल म्हणून वाट बघत होतो, तोवर मुरला.”

“बरोबर,” त्या म्हणाल्या आणि हातातला एक कागद पाहिला. “इथं चारच महिने आहे.” कागदावरचे अक्षर ओळखीचे वाटले, पण माझा चष्मा वर राहिला होता. “शेजारच्या तीन किल्ल्यांवर कंत्राटदारांनी बांधलेले तट तीन वर्षंसुद्धा टिकले नाहीत. हा दोरीत आहे.”

त्यांना आधीच सगळे कसे ठाऊक होते, देव जाणे. बायकोला म्हटले, “देवानेच त्या बाईंना बुद्धी दिली.” ती समुद्राकडे बघत म्हणाली, “हो ना. देवाला काय अवघड आहे?”

४ एप्रिल, गुरुवार

संशोधक सामान बांधत होते. नवा शर्ट घडी करून तळाशी ठेवला होता. मी चहा नेला. क्षमा मागितली.

“तुम्ही सांगितलं होतंत,” ते म्हणाले. “मीच लिहून घेत बसलो, ऐकलं नाही.” मग काही बोलायचे म्हणून विचारले, “दगडाच्या दर्शनी बाजूलाच का कोरलंत? पाठीमागे कोरलं असतं तर मी तरी वाचलो असतो.”

“पाठीमागे जागा नव्हती साहेब. तिथं आधीच कोणाच्या तरी खुणा होत्या.”

त्यांनी कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे, कप होता तिथून जमीन बरीच लांब होती.

“कसल्या खुणा?”

“आडव्या-उभ्या रेघा, फुल्या. कोणा जुन्या माणसाने आमच्यासारखाच हिशेब ठेवला असणार. आम्हाला कळल्या नाहीत, म्हणून पुढच्या बाजूने आमच्या कोरल्या.”

“हे तुम्ही मला सांगितलं नाहीत!”

“तुम्ही पुढचंच विचारत होतात.”

ते धावत पश्चिमेच्या तटाकडे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी एक दगड ओढून पाहिला. तट हलेना. हा तट पाडू द्या असे ते इंजिनिअरबाईंना फोनवर म्हणत होते. त्या काय म्हणाल्या ते मला चार हातांवरून ऐकू आले. मग मी सांगितले, उत्तरेचा तट तीस वर्षे वाळूत पडून आहे, सगळे दगड पालथे. तो उभा करायचा ठरला तर प्रत्येक दगड उचलावाच लागेल.

संशोधकांनी सामान सोडले.

घरात मात्र कालपासून सासूबाई माझ्याशी आणि मेहुण्याशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. इतकी शांतता आहे की भरतीचा आवाज खोलीत ऐकू येतो. मेहुणा म्हणतो, ह्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

१९ एप्रिल, शुक्रवार

आदेश आला. दोनदा वाचला, मग बायकोकडून वाचून घेतला.

‘सातशे वर्षांचा दावा फेटाळण्यात येत आहे. तथापि पश्चिमेच्या तटाचा बावीस वर्षांचा इतिहास पूर्णपणे सिद्ध झाला असून, किनाऱ्यावरील सर्व किल्ल्यांत ज्याचा बांधणारा साक्ष देण्यास हयात आहे असा हा एकच किल्ला होय.’ म्हणून किल्ला यादीत राहील. उत्तरेचा तट मी चार माणसे घेऊन उभा करायचा आहे. दगड उलथताना संशोधक हजर राहतील. नव्या खुणा फक्त आकड्यांत असाव्यात, वर्ष घालावे, चित्रे काढू नयेत. बावीस वर्षांपूर्वी परवानगीशिवाय तट बांधल्याबद्दल मला ताकीदही आहे. तिची नोंद माझ्या सेवापुस्तकात होईल.

मी म्हटले, “ताकीद योग्यच आहे.”

बायको आधी हसली, मग तिने पदराने डोळे पुसले आणि खिडकीची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती.

६ मे, सोमवार

उत्तरेच्या तटाचा पहिला दगड आज उलथला. पाठीवर तीन उभ्या रेघा आणि एक फुली. संशोधक वाळूत पालथे पडून ब्रशने एकेक रेघ साफ करत होते. अर्थ विचारला तर बराच विचार करून म्हणाले, “ठाऊक नाही.” मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

कोणी कोरली असेल ती फुली? त्याच्याही डोक्यावर ऊन असेल, मेहुण्यासारखा कोणी सोबती असेल. नाव लिहावे असे त्याला वाटले नाही. दगड जागेवर बसावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. मी मनात हात जोडले. देवाला जोडले की त्याला, ते सांगता येत नाही.

संध्याकाळपर्यंत दगड चुन्यात बसवला. ओळंबा लावला, कपच्या ठोकल्या. चारी माणसांनी हलवून पाहिला. एवढ्यात मेहुणा एकदम माझ्या मागे सरकला. सासूबाई काठी टेकत उतरून आल्या होत्या.

त्यांनी दगडाभोवती चक्कर मारली. काठीने एकदा डावीकडून ढोसले, एकदा उजवीकडून. मग काठी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी जोर लावला.

“बसलाय,” सासूबाई म्हणाल्या.

महिन्याभरात माझ्याशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.